साबण नदीचा की बाटलीचा

सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं काढलेल्या बाईच्या अंगाला कसला वास येत असेल, अशी लोकांना उगीचच उत्सुकता असते आणि काही जण ती बोलूनही दाखवतात. निळीबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "कसलाच येत नाही. साबणाचा तर मुळीच नाही."

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं कायम निळी असल्यामुळे साहेबांपासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना निळीबाईच म्हणत. हा निळा म्हणजे मिथिलीन ब्लू नावाचा रंग. एकदा बोटाला लागला की चार दिवस मुक्काम ठोकतो. चार माणसांत कोणी नवं भेटलं की त्यांच्या हाताकडे बघून विचारायचं, "पेन फुटलं वाटतं?" मग निळीबाई पुढचा अर्धा तास त्या माणसाला मोठ्या आनंदाने गटारांची माहिती द्यायच्या. तो माणूस पुन्हा काही विचारायला येत नसे.

नदीत आणि नदीला मिळणाऱ्या नाल्यांत कपडे धुण्याच्या पावडरीचा अंश किती आहे, हे शोधणं त्यांचं काम. शास्त्राच्या भाषेत तो डिटर्जंट, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला साबणच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. शोधायची रीत मोठी गमतीची आहे. खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात निळा रंग घालायचा, वर क्लोरोफॉर्म ओतायचा आणि नरसाळं हलवायचं. क्लोरोफॉर्म जड, तो तळाशी जाऊन बसतो. निळ्या रंगाची एकट्याने खाली जायची हिंमत होत नाही, तो पाण्यातच राहतो. पण पाण्यात साबण असला तर तो या रंगाचा हात धरतो आणि त्याला खाली घेऊन जातो. तळ निळा झाला की साबण आहे. जितका गडद तितका जास्त. मग तो निळा यंत्रात घालून आकडा काढायचा. लिटरमागे एक मिलिग्रॅम ही मर्यादा, त्याच्या वर गेलं की कागद हलायला लागतात.

आता ज्याला साबण शोधायचा आहे त्याने साबणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हा या कामातला पहिला आणि शेवटचा नियम. काच चिकट असते, साबण तिला धरून बसतो. म्हणून नमुन्याच्या बाटल्या कधीही पावडरीने धुवायच्या नाहीत. आधी गरम पाणी, मग आम्ल, मग डिस्टिल्ड पाणी, आणि उलट्या घालून वाळवायच्या. नदीवरसुद्धा त्या विसळायच्या नाहीत, थेट भरायच्या. अशा बाटल्या स्वच्छ असतात पण तशा दिसत नाहीत. वर्षानुवर्षांच्या गाळाने त्यांना पिवळट झाक येते, आणि ज्याला माहीत नाही त्याला त्या कुठल्या तरी कचऱ्यातून उचलून आणल्यासारख्या वाटतात.

आणि निळीबाईंच्या घरात नेमकं असं एक माणूस होतं ज्याला ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचीही इच्छा नव्हती. सासूबाई. वय एक्याऐंशी, दात चार, हातात जोर मात्र पहिलवानाचा. त्यांच्या मते देवाने पाणी निर्माण केलं ते पावडर विरघळवायला. उशांच्या खोळी त्या दर दोन दिवसांनी धुवायच्या, आणि धुवायला दुसरं काही उरलं नाही तर कपडे वाळत घालायचे चिमटे धुवायच्या. सून चोवीस वर्षं साबण शोधतेय आणि सासू पन्नास वर्षं तो नदीला पुरवतेय, असं निळीबाईंचा नवरा म्हणायचा. म्हणायचा हळू आवाजात, दोघींपैकी कोणी जवळ नसताना.

आईचं हे वेड लेकीनेही उचललं, पण हुशारीने. निळीबाईंच्या नणंदेने, म्हणजे ताईने, नदीकाठी लाँड्री काढली. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अकरा बायका कामाला, दोन मोठी यंत्रं. अंगावर कोणी उपकार केलेले तिला खपत नसत, नवरा गेल्यावर तिने ही लाँड्री स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. दोघी नणंद-भावजयांचं गूळपीठ होतं. सणासुदीलाच नाही तर एरवीसुद्धा एकमेकींकडे जाणं-येणं असे.

पाच वर्षांपूर्वी ते मोडलं. लाँड्रीच्या नाल्याखालच्या नमुन्याचा तळ असा गर्द निळा झाला की निळीबाईंनी तीनदा चाचणी करून पाहिली. आकडा मर्यादेच्या दुप्पट. त्यांनी कागदावर सही केली. लाँड्री महिनाभर बंद राहिली, दवाखान्याचं काम हातचं गेलं, आणि ताईने भावाच्या घराचा उंबरा चढणं सोडलं. आईला भेटायला ती फाटकापर्यंत यायची आणि आईला बाहेर बोलवायची. नंतर तिने पाणी शुद्ध करायची टाकी बांधली, गेलेलं काम परत मिळवलं, पण सगळ्यांना एकच सांगत राहिली, की साबण नव्हताच, वहिनीचा हात चुकला. निळीबाई नदीला पाण्यात पाहायच्या त्या पगारासाठी. ताई निळीबाईंना पाण्यात पाहायची ती फुकट.

नियम असा होता की दुसऱ्यांदा आकडा वर गेला तर नोटीस वगैरे नाही, थेट सील. दवाखान्याचं काम मग कायमचं जाणार आणि अकरा बायकांची नोकरीही. म्हणून दर तीन महिन्यांनी त्या जागेचा नमुना भरताना निळीबाई बाटलीचं बूच दोनदोनदा तपासायच्या. चोवीस वर्षांत त्यांनी पाण्यात साबण निघावा अशी इच्छा कधी केली नव्हती आणि निघू नये अशीही नाही. ताईच्या नाल्यापाशी मात्र त्यांना मनाला दटावावं लागे.

यंदाच्या खेपेला त्या सोमवारी सहा बाटल्या घेऊन नदीवर गेल्या. नदी त्यांच्या घराच्या बाजूला, त्यामुळे बाटल्यांचा क्रेट शनिवारीच घरी यायचा आणि सोमवारी जीप दारातून त्यांना उचलायची. एरवी क्रेट कपाटात कुलपात असे, पण या वेळी बाटल्या ओल्या होत्या म्हणून त्यांनी तो गॅलरीत फडक्याखाली ठेवला आणि रविवारी त्या मामेबहिणीकडे गेल्या. पाच जागांचे पाच नमुने भरले, सहावी बाटली जादा म्हणून रिकामीच परत आली.

मंगळवारी त्यांनी पहिला नमुना नरसाळ्यात घेतला. ही जागा वस्तीच्या खूप वर, जिथे नदी खडकांतून येते. तिथे पाणी प्यायला शेळ्या येतात, बाकी कोणी नाही. चोवीस वर्षांत त्या नमुन्याचा तळ कधी निळा झाला नव्हता. आज झाला.

निळीबाईंनी डोळे चोळले, नरसाळं बदललं, पुन्हा केलं. पुन्हा निळा. नुसतं डिस्टिल्ड पाणी घेऊन केलं, तर तळ काचेसारखा स्वच्छ. म्हणजे नरसाळं, रंग, क्लोरोफॉर्म सगळं ठीक. पहिल्या जागेचा आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. आणि तिसऱ्या जागेचा, ताईच्या नाल्याखालचा, एक पूर्णांक सहा.

नवे साहेब येऊन तीन महिनेच झाले होते. वयाने लहान, स्वभावाने सरळ, आणि नियमांचं पुस्तक त्यांना बहुतेक पाठ होतं. त्यांनी कागद पाहिला. "तिसरी जागा वर गेली बाई. दुसरी वेळ आहे. सील करावी लागणार."

"साहेब, पहिली जागा बघा आधी. तिथे साबण कुठून येईल?"

"कोणी तरी कपडे धुतले असतील."

"तिथे शेळ्या येतात साहेब, आणि शेळ्या कपडे घालत नाहीत. बाटल्या बिघडल्यात. पाचही नमुने रद्द करा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लाँड्री तुमच्या नणंदेची ना?"

"हो."

"मग मी रद्द केले तर लोक काय म्हणतील?"

काय म्हणतील ते निळीबाईंना पाठ होतं. मागे सही केली तेव्हा लोक म्हणाले, घरच्यांना बुडवलं. आता सही नाही केली तर म्हणणार, घरच्यांना वाचवलं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीचे नमुने काढायचे यांनीच. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा हा प्रकार त्यांना पाहवेना. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण ते शीत त्याच भांड्यातलं तरी हवं ना. त्या उठल्या आणि सहावी बाटली घेऊन आल्या.

"ही नदीचं पाणी प्यायलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताने डिस्टिल्ड पाणी भरा हिच्यात."

साहेबांनी भरलं, हलवलं, नरसाळ्यात ओतलं. तळ निळा झाला. ड्रायव्हर दारातून बघत होता, तोही आत आला.

"म्हणजे साबण बाटलीत आहे," साहेब म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "बाटल्या रविवारी कुठे होत्या?"

"माझ्या घरी."

"बाई, हे तर आणखी वाईट झालं. उद्या कोणी म्हणेल, नणंदेला वाचवायला तुम्हीच बाटल्यांत साबण कालवला, म्हणजे चाचणीच रद्द होईल." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण आवाज त्यांनी सरळ ठेवला. "उद्या दुपारपर्यंत मला कारण हवं. नाही मिळालं तर आकडे आहेत तसे पाठवीन."

निळीबाई घरी आल्या तेव्हा सासूबाई खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, रविवारी माझ्या बाटल्यांना कोणी हात लावला होता का?"

सासूबाईंनी घडी अर्धवट ठेवली. चांगलं काम लपून करावं आणि ते शेवटी उघडकीला यावं, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. "कळलं होय तुला? मी म्हटलं, केलेलं बोलून दाखवू नये."

"काय केलंत?"

"घासल्या. मूठ मूठ पावडर घालून, ब्रश आत फिरवून, दोनदा. विसळल्या मात्र एकदाच, पाणी जायची वेळ झाली होती. मग होत्या तशा उलट्या घालून ठेवल्या. काय चमकत होत्या बाई. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

लक्षात आलं होतं. सोमवारी पहाटे अर्धवट उजेडात क्रेट उचलताना बाटल्या जरा उजळ दिसल्या होत्या, आणि चोवीस वर्षं बाटल्यांवर जीव लावणाऱ्या बाईने मनात म्हटलं होतं, वा, या वेळचं आम्ल चांगलं आहे. निळीबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या कोणाला हसण्याआधी त्यांना स्वतःलाच हसू आलं.

"पण आई, आजवर कधी नाही आणि याच वेळी का?"

सासूबाई हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत म्हणाल्या, "पोरीसाठी. ती सांगते ना सगळ्यांना, साबण नव्हताच म्हणून. मी त्या पिवळ्या बाटल्या बघितल्या आणि म्हटलं, असल्या घाणेरड्या बाटल्यांत तिचं पाणी भरलं, ते खराब दिसणारच. या वेळी तरी स्वच्छ बाटलीत जाऊ दे. तू तिच्याकडे जाणार हे कॅलेंडरवर लिहिलेलं होतं."

निळीबाई त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. बाटल्या का धुवायच्या नसतात, आकडा किती आला, आणि उद्या दुपारनंतर काय होणार. सासूबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे माझ्याच हाताने माझ्या पोरीच्या दाराला कुलूप," त्या म्हणाल्या आणि घडी घातलेल्याच टॉवेलने त्यांनी डोळे पुसले. निळीबाईंना त्यांच्यावर रागवायचं होतं, येतानाच ठरवलं होतं, पण त्यांना त्या म्हातारीची इतकी माया आली की त्यांनी उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

"उद्या मी येते तुझ्या ऑफिसात," नाक पुसून सासूबाई म्हणाल्या. "मीच सांगते त्या साहेबाला."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून. प्रयोगशाळेत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी खिडक्यांच्या काचा पाहिल्या, टेबलं पाहिली, आणि साहेबांनी बसा म्हणायच्या आत म्हणाल्या, "तुमच्या या पांढऱ्या कोटाची कॉलर कोण धुतं?"

"मीच," साहेब गडबडून म्हणाले.

"वाटलंच."

मग साहेबांनी जबाब लिहून घेतला. पावडर किती घातली, असं विचारल्यावर सासूबाईंनी मूठ मिटून दाखवली. प्रत्येक बाटलीत तेवढीच का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्या हाताला माप नाही. जी जास्त पिवळी तिच्यात जास्त." साहेबांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी लिहिण्यात डोकं घातलं. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक अडचण' असं लिहू का, असं त्यांनी निळीबाईंना हळूच विचारलं.

"नको," निळीबाई म्हणाल्या. "जे झालं तेच लिहा. बाटल्या मी उघड्यावर ठेवल्या आणि माझ्या सासूबाईंनी पावडरीने धुतल्या. तांत्रिक म्हटलं की लोकांना वास येतो."

त्या खेपेचे पाचही नमुने रद्द झाले आणि निळीबाईंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा एक शेरा पडला. पहिलाच. त्यांना तो लागला, नाही असं नाही. पण साहेबांनी पुढे जे ठरवलं ते ऐकून त्या शेरा विसरल्या. "शुक्रवारी पुन्हा नमुने घ्यायचे. बाटल्या मी धुणार, पाणी मी भरणार, चाचणी मी करणार. बाई, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. आणि लाँड्रीच्या मालकीणबाईंना समोर बोलवायचं."

शुक्रवारी ताई आली. आईला पाहून तिच्या भुवया वर गेल्या, कारण आईला यायचं कोणी सांगितलं नव्हतं आणि आईला अडवायची कोणाची छातीही नव्हती. निळीबाईंकडे ताईने पाहिलं नाही. साहेबांनी बाटल्यांचा सगळा किस्सा वाचून दाखवला तेव्हा मात्र ती आईकडे वळली.

"तू धुतल्यास?"

"दोनदा," आई म्हणाली, पण आता तिच्या आवाजात पूर्वीची ऐट नव्हती.

ताईच्या ओठांच्या कडा हलल्या. तिने हसू गिळलं आणि पदर सारखा केला.

चाचणी सुरू झाली. दोन्ही हात पाठीमागे धरून उभं राहणं ही काय शिक्षा असते ते निळीबाईंना त्या दिवशी कळलं. साहेब नरसाळं असं हलवत होते जसं काही ते फुटणारच आहे. "जोरात साहेब," त्या म्हणाल्या. "आता तोटी उघडून वाफ जाऊ द्या. आता थांबा. त्याला बसू द्या, घाई करू नका." पहिल्या जागेचा तळ स्वच्छच राहिला. शेळ्यांची अब्रू वाचली. मग साहेबांनी तिसऱ्या जागेची बाटली उचलली.

निळ्या पाण्याखाली क्लोरोफॉर्मचे थेंब सावकाश जमू लागले. तळ निळा होत गेला, पण फिका. निळीबाईंना नुसत्या डोळ्यांनी कळलं होतं, तरी त्या बोलल्या नाहीत. यंत्राने आकडा दाखवला तेव्हा साहेबांनी तो दोनदा वाचला. "शून्य पूर्णांक सात. मर्यादेच्या आत. लाँड्री सुरू राहील."

ताईने खुर्चीची पाठ धरली आणि मोठा श्वास सोडला. सासूबाईंनी साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला, त्या बिचाऱ्यांनीही डोकं पुढे केलं. ड्रायव्हर चहा सांगायला पळाला. मग ताई वळली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने भावजयीच्या डोळ्यांत पाहिलं.

"वहिनी, एक विचारू? मागच्या वेळच्या बाटल्याही अशाच कोणी धुतल्या असतील का?"

ती रागाने विचारत नव्हती. तिने दार उघडून धरलं होतं, आणि आत यायला फक्त एक शब्द पुरे होता. 'असेल' म्हटलं की झालं. त्याला कोणाला खोटंही म्हणता आलं नसतं, कारण पाच वर्षांपूर्वीच्या बाटल्या कोण तपासणार? सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्यांचे ओठ 'हो म्हण' असं म्हणत होते, आवाज तेवढा निघत नव्हता. निळीबाईंनाही हो म्हणावंसं वाटलं. पाच वर्षं त्यांनी या नणंदेची रोज आठवण काढली होती.

"नाही ताई," त्या म्हणाल्या. "तेव्हा बाटल्या कुलपात होत्या. मी तीनदा तपासलं होतं. तो साबण तुमचाच होता."

चहा घेऊन आलेला ड्रायव्हर दारातच थांबला.

"माहीत आहे मला," ताई शेवटी म्हणाली. "माझा नाला, मला नाही कळणार? गुडघाभर फेस असायचा तेव्हा. लाज वाटली म्हणून तुझं नाव पुढे केलं, आणि मग ते मागे घेता येईना." तिने टेबलावरची आकड्याची चिठ्ठी उचलली. "आणि आज तू 'असेल' म्हणाली असतीस ना, तर हा कागद मी इथेच फाडला असता. म्हटलं असतं, ही माझ्यासाठी वाट्टेल ते लिहिते. आता हा दवाखान्याला छातीठोकपणे दाखवीन. चल, आईला घरी सोडू, आणि मीही आत येते."

निळीबाईंचे डोळे भरले. तिसऱ्या जागेचं नरसाळं अजून टेबलावर उघडं होतं. त्या आधी टेबलापासून चार पावलं लांब गेल्या, आणि मग रडल्या.